डिझेल पिकअप थंडीत सकाळी चालू व्हायला त्रास देते : दोष शोधायचा कसा

रात्रभर उभी राहिलेली डिझेल पिकअप सकाळी बराच वेळ सेल्फ खाते, पांढरा धूर सोडत, थरथरत कशीबशी चालू होते आणि एकदा तापली की दिवसभर चावीला हात लावताच चालू होते, ही तक्रार एकाच गाडीबद्दल हिवाळ्यामागून हिवाळा येत राहते. ती मिटत नाही यामागचे मोठे कारण असे की गाडी वर्कशॉपमध्ये चालवत नेलेली असते, म्हणजेच तपासणीच्या वेळी इंजिन गरम असते आणि दोष दडलेला असतो. मेकॅनिक चावी फिरवतो, गाडी लगेच चालू होते, आणि मग अंदाजाने काहीतरी बदलले जाते. बहुधा बॅटरी, नाहीतर डिझेल फिल्टर. त्यातले एखादे कधीकधी खरोखरच खराब असते, पण ते नशीब झाले, निदान नव्हे.

थंडीतल्या स्टार्टिंगचा दोष ज्या एका क्षणी उघडा पडतो तो क्षण म्हणजे सकाळचा पहिला सेल्फ. दुसऱ्या प्रयत्नापर्यंत सिलिंडरच्या भिंती किंचित तापलेल्या असतात, लाइनमधून उतरलेले डिझेल परत वर चढलेले असते आणि बॅटरीचा जोर थोडा ओसरलेला असतो. त्यामुळे दुसरा प्रयत्न वेगळीच गोष्ट सांगतो. म्हणून गाडी किमान 8 तास, शक्यतो रात्रभर, उघड्यावर उभी ठेवावी, सकाळी तिला हात लावण्यापूर्वी मल्टिमीटर आणि असल्यास स्कॅनर (गाडीच्या संगणकातली वाचने दाखवणारे यंत्र) जोडून ठेवावा, आणि सायलेन्सरकडे पाहायला दुसऱ्या माणसाला उभे करावे. गाडी वर्कशॉपमध्ये द्यायची असेल तर आदल्या संध्याकाळी नेऊन तिथेच ठेवावी आणि सकाळी माझ्यासमोर पहिला सेल्फ मारा, असे स्पष्ट सांगावे.

थंडीने नेमके काय बिघडते

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबल्याने ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा भरताना सायकलचा पंप हाताला गरम लागतो, तेच तत्त्व इथे कामाला लावलेले आहे. डिझेल आपोआप पेटायला साधारण 210 ते 250 अंश सेल्सिअस तापमान लागते. गरम इंजिनात दाबलेल्या हवेचे तापमान 500 अंशांच्या पुढे जाते, म्हणजे हाताशी भरपूर शिल्लक असते. थंड इंजिनात मात्र मुळात आत येणारी हवा गार असते, दाबताना निर्माण झालेली उष्णता गार लोखंड शोषून घेते, आणि सेल्फ जितका मंद फिरेल तितका उष्णता निसटायला आणि पिस्टनच्या रिंगांमधून हवा गळायला जास्त वेळ मिळतो. शिल्लक कमी होत होत जिथे संपते तिथे गाडी चालू होत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. थंडी बहुतेक वेळा नवा दोष निर्माण करत नाही, आधीपासून असलेला छोटा दोष उघड करते, आणि असे दोन-तीन छोटे दोष एकत्र आले तर प्रत्येक सुटा तपासल्यावर चालण्यासारखा वाटू शकतो. थोडी जुनी बॅटरी, चारपैकी एक मेलेला हीटर प्लग (थंड सिलिंडरमध्ये उष्णता देणारा विजेचा प्लग) आणि उन्हाळ्यात भरलेले जाड इंजिन ऑइल, असा संच मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. त्यातली एकच गोष्ट सुधारली की गाडी काही दिवस बरी चालू होते आणि पारा आणखी उतरला की तक्रार परत येते.

पहिल्या सेल्फला काय पाहायचे

तीन गोष्टी पाहायच्या आणि लिहून ठेवायच्या : इंजिन किती वेगाने फिरते, फिरताना सायलेन्सरमधून धूर येतो का आणि कोणत्या रंगाचा, आणि चालू झाल्यावर पहिली दोन मिनिटे ते कसे चालते.

सेल्फ जड, ओढल्यासारखा फिरत असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी वीज आणि ऑइल यांच्याकडे वळावे. सेल्फ जोरात फिरतो आणि पांढरा, डिझेलचा उग्र वास असलेला धूर येतो, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही; तिथे उष्णता कमी पडते, म्हणजे हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन (पिस्टनने हवा दाबून निर्माण केलेला दाब). जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडले असेल तरी असेच दिसते. सेल्फ जोरात फिरतो पण सायलेन्सरमधून काहीच येत नाही, याचा अर्थ डिझेलच पोहोचत नाही. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर मात्र हेड गॅस्केटचा (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्यावा. तो विषयच वेगळा आहे आणि त्यात गाडी पुढे चालवू नये.

हे तीन निष्कर्ष एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की पहिल्या दहा सेकंदांत निम्म्याहून अधिक शक्यता गळून पडतात. तरीही धूर पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, कारण चावी फिरवणारा माणूस पुढे बसलेला असतो आणि सायलेन्सर मागे असतो.

सेल्फ जड फिरत असेल तर

निरोगी डिझेल इंजिन सेल्फवर मिनिटाला साधारण 150 ते 250 फेरे घेते. तो वेग 100 च्या आसपास घसरला की जुनी गाडी पेटत नाही आणि नव्या गाडीचा ईसीएम (इंजिनचा संगणक) डिझेल फवारणारे इंजेक्टर उघडण्याचा आदेशच देत नाही. स्कॅनरवर हा आकडा थेट दिसतो, त्यामुळे कानावर विसंबून राहण्याचे कारण नाही.

शिसे-आम्लाची बॅटरी शून्याखाली 18 अंशांवर आपल्या जोरापैकी जवळपास निम्माच जोर देऊ शकते, आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल ढवळायला सेल्फला जास्त जोर हवा असतो. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीच्या टर्मिनलवर 12.6 व्होल्टच्या आसपास वाचन आले तर ती भरलेली आहे, 12.4 म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश आणि 12.2 म्हणजे निम्मी. पण उभ्या गाडीतले वाचन केवळ भरणा सांगते, जोर सांगत नाही. जोर कळतो तो सेल्फ फिरत असताना. तेव्हा टर्मिनलवरचे वाचन 9.6 व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी उतरलेली किंवा थकलेली आहे, नाहीतर सेल्फ तरी प्रमाणाबाहेर करंट ओढतो आहे. मोठ्या पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. त्यातली एक खराब झाली की ती चांगलीलाही रात्रभर चोखत राहते, म्हणून दोन्ही सोडवून वेगवेगळ्या तपासाव्यात आणि बदलायच्या झाल्यास शक्यतो जोडीने बदलाव्यात. चांगल्या बॅटऱ्या रोज सकाळी उतरलेल्या सापडत असतील तर गाडी बंद करून, ईसीएम झोपण्याइतका वेळ जाऊ देऊन, किती करंट गळतो ते मोजावे. 50 मिलिअँपिअरच्या वर गळती असेल तर काहीतरी चालू राहते आहे.

बॅटरी चांगली निघूनही सेल्फ जड असेल तर केबल बघाव्यात, आणि इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. वरून चकचकीत दिसणारा टर्मिनल आतून हिरवा पडलेला असू शकतो, आणि इंजिनपासून चासीपर्यंत जाणारी अर्थची पट्टी चिखलाखाली अर्धी तुटलेली असू शकते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या धन खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर टेकवावे आणि काळे टोक सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावा. केबल उत्तम असेल तर मीटर अगदी थोडे दाखवतो, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढा जोर वाटेतच खर्च होतो आहे. हीच कृती अर्थच्या बाजूने करावी : एक टोक ऋण खांबावर, दुसरे इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ खरवडलेल्या धातूवर. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. 12 व्होल्टांतून एकेक व्होल्ट दोन्ही बाजूंना गळाला तर नवीकोरी बॅटरीही जुन्यासारखी वागते, आणि ही चाचणी न करता बॅटरी विकत घेणारे पुढच्या थंडीत पुन्हा तिथेच येतात. केबलही ठीक निघाल्या आणि सेल्फ फिरताना करंट अवाच्या सवा वाढत असेल तर सेल्फचे बुश गेले आहेत असे समजावे.

ऑइलबद्दल थोडक्यात : डब्यावर डब्ल्यूच्या आधी असलेला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, आणि 15डब्ल्यू-40 पेक्षा 5डब्ल्यू-40 थंडीत बरेच हलके फिरते. कंपनीने परवानगी दिलेल्या यादीतूनच ग्रेड निवडावी. ज्या इंजिनांत इंजेक्टरच इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात, त्यांत ऑइलची ग्रेड आणि वय यांवर स्टार्टिंग थेट अवलंबून असते. तिथे जुने काळे ऑइल बदलल्यानेच तक्रार अर्धी मिटल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

पांढरा धूर : हीटर प्लग

डॅशबोर्डवरचा कॉइलच्या चिन्हाचा दिवा लागतो आणि विझतो, म्हणून हीटर प्लग चालू आहेत, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. अनेक गाड्यांत, विशेषतः जुन्यांत, तो दिवा फक्त वेळ मोजतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो शिस्तीत लागतो आणि विझतो. शिवाय थेट फवारणीच्या आधुनिक इंजिनांना हवा शून्याच्या जवळ येईपर्यंत प्लगची फारशी गरजच पडत नाही, त्यामुळे दोन प्लग उन्हाळ्यात कधीतरी जळून गेले तरी पत्ता लागत नाही आणि पहिल्या कडाक्याच्या सकाळी सगळे एकदम समोर येते. जुन्या, डिझेल पेटायला वेगळा छोटा कप्पा (प्री-चेंबर) असलेल्या इंजिनांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांना साध्या गार सकाळीही प्लगवाचून चालत नाही.

तपासणी अशी करावी. इंजिन थंड, चावी बंद. प्रत्येक प्लगच्या डोक्यावरची वायर किंवा सगळ्यांना जोडणारी पट्टी काढावी, कारण पट्टी तशीच ठेवली तर सगळ्या प्लगांचे एकत्रित वाचन मिळते आणि मेलेला प्लग त्यात लपतो. मल्टिमीटरची दोन टोके आधी एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध पाहावा, तो 0.2 ते 0.3 ओहम असतो आणि तो पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करायचा असतो. मग एक टोक प्लगच्या टोकावर आणि दुसरे इंजिनच्या धातूवर. चांगला धातूचा प्लग साधारण अर्धा ते एक ओहमच्या आसपास दाखवतो; अनंत रोध म्हणजे आतली तार तुटलेली, आणि तीन प्लग सारखे असताना चौथा दोन-तीन ओहम दाखवत असेल तर तोही कामातून गेलेला. मात्र ओहमचे वाचन बरोबर आलेला प्लग हमखास चांगला, असे म्हणता येत नाही, कारण तार शाबूत असूनही तो टोकाऐवजी मध्येच तापत असू शकतो. म्हणून क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) मिळाला तर तोच वापरावा : वायर परत जोडून, चावी ऑन करून प्रत्येक वायरमधला करंट पाहावा. सुरुवातीला तो जास्त असतो आणि प्लग तापत जाईल तसा काही सेकंदांत उतरत स्थिर होतो. चार वायरांपैकी एकीत हा उतार वेगळा दिसला तर तो प्लग संशयित.

एका गोष्टीची सक्त ताकीद : नव्या गाड्यांतले बरेचसे प्लग 4 ते 7 व्होल्टचे असतात आणि नियंत्रक त्यांना तुकड्यातुकड्यांनी वीज देतो. असा प्लग तपासण्यासाठी थेट 12 व्होल्टच्या बॅटरीला लावला तर तो तपासणीतच जळतो. प्लगच्या अंगावर छापलेला व्होल्टेज वाचल्याशिवाय बॅटरीवर तापवून बघण्याचा प्रयोग करू नये.

सगळेच प्लग चांगले आणि तरीही करंट शून्य, तर दोष रिले, त्याचा जाड फ्यूज किंवा नियंत्रक यांत आहे. पण त्याआधी एक वाचन पाहावे, जे पाहायला एक मिनिट लागते आणि बहुतेक जण विसरतात. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करून स्कॅनरवर कूलंटचे, आत येणाऱ्या हवेचे आणि डिझेलचे तापमान शेजारी शेजारी पाहावे. सगळे लोखंड एकाच रात्रीत एकाच हवेत थंड झालेले असल्याने ही वाचने एकमेकांच्या चार-पाच अंशांत असायला हवीत. हवा 3 अंश, डिझेल 4 अंश आणि कूलंट 45 अंश असे दिसले, तर कूलंटचा सेन्सर खोटे बोलतो आहे. ईसीएमला इंजिन गरम वाटते, म्हणून तो प्लग तापवत नाही आणि थंड इंजिनाला लागणारे जादा डिझेलही देत नाही. असा सेन्सर गरम इंजिनात अगदी बरोबर वाचन देऊ शकतो, त्यामुळे दुपारच्या तपासणीत तो सुटतो आणि एरर कोडही बहुधा पडत नाही.

प्लग काढताना घाई महागात पडते. वर्षानुवर्षे काजळीत बसलेला प्लग गार इंजिनात जोर लावून फिरवला तर मान मोडते आणि उरलेला तुकडा काढायला कधीकधी हेड उतरवावे लागते. इंजिन गरम करून, आदल्या दिवशी गंजरोधक तेल सोडून, टॉर्क रेंचने मर्यादेत जोर लावून, थोडे मागे थोडे पुढे करत काढावा. पातळ आटे असलेल्या प्लगला सहन होणारा जोर फार कमी असतो. सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा ओलांडूनही तो हलत नसेल तर तिथेच थांबावे. चार प्लगांपैकी दोन गेलेले असतील आणि बाकीचेही तितकेच जुने असतील तर माझ्या मते संपूर्ण संच बदलणे शहाणपणाचे. काही मोठ्या इंजिनांत प्लग नसतात, त्याऐवजी हवेच्या मार्गात तापणारी जाळी असते. तिथे जाळीवर येणारा व्होल्टेज आणि तिची अर्थ एवढेच पाहायचे असते.

धूरच नसेल तर : डिझेल आणि हवा

यातले सर्वांत चकवणारे दुखणे म्हणजे लाइन एअर घेणे. टाकी खाली आणि पंप वर, मधल्या जोडात केसाएवढी फट. गाडी चालू असताना पंप डिझेल ओढत राहतो म्हणून काही जाणवत नाही, पण रात्री त्या फटीतून हवा शिरते आणि लाइनमधले डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते. सकाळी सेल्फला आधी ती रिकामी लाइन भरावी लागते. ओढीच्या बाजूची फट बाहेर डिझेल गाळेलच असे नाही, त्यामुळे खाली थेंब दिसत नाही म्हणून लाइन निर्दोष समजू नये.

याची खात्री करण्याची सोपी चाचणी आहे. एका सकाळी पहिला सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबावा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी ऑन करून काही सेकंद थांबून बंद करावी आणि असे तीन वेळा करावे. त्यानंतर गाडी अर्ध्या वेळात चालू झाली तर डिझेल मागे उतरते आहे हे जवळपास ठरले. दुसरी चाचणी उताराची : रात्री गाडी नाक खाली करून उभी करावी. एरवी त्रास देणारी गाडी त्या सकाळी शहाण्यासारखी चालू झाली तर कारण तेच.

फट नेमकी कुठे, हे शोधायला फिल्टरच्या आधी आणि नंतर डिझेल सहन करणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडावा. सेल्फ मारल्यावर सुरुवातीचा एखादा बुडबुडा जाऊ द्यावा. पण इंजिन चालू होऊन मिनिट झाले तरी बारीक बुडबुड्यांची माळ थांबत नसेल तर हवा त्या नळीच्या आधीच्या भागातून येते आहे. फिल्टरआधी स्वच्छ आणि फिल्टरनंतर माळ, असे असेल तर दोष फिल्टरच्या घरातच : झाकणाची रबरी रिंग, पाणी काढण्याचा नट किंवा प्रायमरचा डायफ्राम. फिल्टर बदलल्यानंतर लगेच सकाळचा त्रास सुरू झालेल्या गाडीत मी सर्वांत आधी ती रिंग पाहतो; जुनी रिंग तशीच ठेवून किंवा नवी पिळवटून बसवलेली असते. इंजेक्टरांवरच्या बारीक रिटर्न नळ्याही (जादा डिझेल परत नेणाऱ्या) पाहाव्यात; त्या कडक होऊन तडकतात आणि तिथूनही हवा शिरते.

पारा शून्याखाली गेल्यावर डिझेलमधले मेण वेगळे होऊ लागते. आधी ते गढूळ होते, मग मेणाचे स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचतात आणि फिल्टर तुंबतो. टाकीत डिझेल अजून वाहते असले तरी इंजिनापर्यंत पोहोचत नाही. उन्हाळी डिझेलमध्ये ही सुरुवात शून्याच्या आसपासही होऊ शकते आणि बायोडिझेलचे प्रमाण जास्त असेल तर त्याहूनही आधी. अशा गाडीचे लक्षण ठरावीक असते : चालू होते, पण काही मिनिटांत जोर सोडते आणि बंद पडते. मेण रोखणारे रसायन डिझेल गढूळ होण्याआधी टाकले तरच उपयोगी पडते, गोठल्यावर त्याचा उपयोग नाही. गोठलेली गाडी उबदार जागेत नेऊन फिल्टर बदलणे हाच मार्ग. केरोसीन मिसळण्याचा जुना तोडगा कॉमन रेल गाडीत (जिथे पंप सगळ्या इंजेक्टरांसाठी एकाच नळीत उच्च दाबाने डिझेल साठवतो) करू नये, कारण उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते आणि केरोसीनने ते घटते. फिल्टरमधले पाणी हिवाळ्याच्या तोंडावर काढून टाकावे. गोठलेल्या पाण्याचा एक खडा संपूर्ण लाइन अडवतो.

लाइन चांगली, फिल्टर नवा, तरीही धूर नाही, तर सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर रेलचा दाब पाहावा. बहुतेक कॉमन रेल यंत्रणांत साधारण 150 ते 250 बार जमल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडत नाही. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावा. दाब हळूहळू चढत असेल किंवा उंबरठ्याखालीच रेंगाळत असेल तर झिजलेला इंजेक्टर जमलेले डिझेल रिटर्नमधून सोडून देतो आहे, दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह गळतो आहे, किंवा पंप थकला आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला स्वतंत्र बाटली लावून कोणती लवकर भरते ते पाहिले की दोषी इंजेक्टर सापडतो. पिझो प्रकारच्या इंजेक्टरांना मात्र रिटर्नमध्ये दाब लागतो, त्यांची नळी अशी मोकळी सोडू नये. इंजेक्टर आणि पंप यांची झीज गरम इंजिनात, डिझेल पातळ झाल्यावर, जास्त जाणवते; म्हणून सकाळी बरी आणि गरम झाल्यावर बंद केली की चालू होत नाही, अशी गाडी असेल तर हीटर प्लगच्या मागे न लागता इथेच यावे. कॉमन रेलचा उच्च दाबाचा पाइप सेल्फ फिरताना किंवा इंजिन चालू असताना कधीही सैल करू नये. चालू इंजिनात तिथे दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत नट सैल करून एअर काढण्याची सवय हाताला लागलेली असते, ती इथे विसरावी.

त्या जुन्या गाड्यांत पंपावरचा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) चावी ऑन केल्यावर टक् असा आवाज करतो की नाही, एवढे आधी ऐकावे; वायर निघालेली असली तर बाकीची सगळी तपासणी वाया जाते.

इतके सगळे ठीक असूनही

हवेचा मार्ग पाहायला फारसा वेळ लागत नाही. उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला धूर काही प्रमाणात परत आत घेणारी झडप) ताज्या हवेची जागा खातो, आणि इंजिन बंद करताना मिटणारी हवेची झडप काजळीने मिटलेलीच राहिली तर सेल्फ कितीही फिरवला तरी इंजिनाला श्वास मिळत नाही.

शेवटी उरते ते कॉम्प्रेशन. सेल्फ फिरताना त्याची लय कान देऊन ऐकावी. चार ठोक्यांतला एक हलका, सुटल्यासारखा येत असेल तर तो सिलिंडर हवा गाळतो आहे. क्लॅम्प मीटरने सेल्फचा करंट पाहिला तर हेच आलेखात दिसते, आणि काही स्कॅनर सिलिंडरांची तुलना थेट करून देतात. गेजने मोजायचे झाल्यास मोजणी थंड इंजिनातही करावी. गरम इंजिनात रिंगा फुगून बसतात आणि आकडा गोड दिसतो, तक्रार मात्र थंडीतली असते. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक बोलका असतो. 10 ते 15 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी व्हॉल्व्हची फट तपासावी, कारण ती नुसती जुळवूनही कधीकधी भागते, आणि मगच रिंगांचा विचार करावा.

निदान होईपर्यंत गाडी चालवावीच लागत असेल तर दोन गोष्टी टाळाव्यात. ईथरचा फवारा हवेच्या मार्गात मारू नये : हीटर प्लग किंवा जाळी तापलेली असताना तो तिथेच पेटतो, आणि सिलिंडरमध्ये अवेळी पेटून रिंगा आणि पिस्टन फोडतो. एका दमात 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फही मारू नये. मध्ये मिनिट-दीड मिनिट थांबावे, म्हणजे सेल्फ गार होतो आणि हीटर प्लगांना दुसरी फेरी मिळते. पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली सात-आठ अंशांवरच गोठू शकते. तिची पेटी फुगलेली दिसली तर जंपर केबल लावू नये, ती फुटते.

कॉम्प्रेशन खरोखरच कमी निघाले आणि इंजिनचे मोठे काम सध्या शक्य नसेल, तर कूलंट तापवणारा ब्लॉक हीटर हा प्रामाणिक तात्पुरता उपाय आहे. तो साधारण 400 ते 1000 वॅटचा असतो आणि निघण्याआधी दोन ते चार तास पुरतो, रात्रभर जोडून ठेवण्याची गरज नसते. टायमर लावला की झाले. तो बसवल्यानंतरही सेल्फ जडच फिरत असेल तर पुन्हा बॅटरी आणि केबलकडे वळावे, कारण ब्लॉक हीटर इंजिन तापवतो, बॅटरी रात्रभर होती तितकीच गार राहते.